शिंगं मोडून मगांत

शिंगाला बूड नसतं. वाटी, पेला, तांब्या, मग या सगळ्यांना बूड असतं, शिंगाला नसतं. त्यामुळे भरलेलं शिंग टेबलावर ठेवून देता येत नाही. एकतर ते हातात धरून बसा, नाहीतर संपवा, नाहीतर शेजारच्याला द्या. नॉर्स लोकांच्या प्यायच्या शिंगाबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं या एका गैरसोयीत आहे, आणि ही गैरसोय दूर करण्याचा धंदा ज्यांनी मांडलाय त्यांच्याशी माझं भांडण आहे.

कामानिमित्त मी दोन वर्षं स्टॉकहोमला होतो. तिथल्या जुन्या शहरात, गामला स्तानमध्ये, पर्यटकांच्या दुकानांत शिंगंवाली प्लास्टिकची शिरस्त्राणं टांगलेली असतात आणि त्यांच्या खाली प्यायची शिंगं. ती तीन जातींची. पहिली स्टँडसकट येतात. दुसरी आतून काचेसारखा जाड रेझिनचा थर दिलेली, लेबलवर अभिमानाने 'मेंटेनन्स-फ्री'. तिसरी जात सगळ्यात लोकप्रिय: शिंग कापायचं, गरम करून सरळ करायचं, खाली लाकडाची चकती चिकटवायची, बाजूला कान जोडायचा आणि 'व्हायकिंग मग' म्हणून विकायचं. आपल्याकडे लोक शिंगं मोडून वासरांत शिरतात. इथे शिंगच मोडून मगांत शिरलंय. पुण्यात परत आलो तर टीममधल्या एकाच्या डेस्कवर तोच मग होता. त्यात पेनं होती.

शिरस्त्राणांचा विषय आधी निकालात काढू. व्हायकिंग शिंगंवाली शिरस्त्राणं घालत याला पुरावा नाही. १९४३ साली नॉर्वेत येर्मुन्डबू इथे त्या काळातलं शिरस्त्राण सापडलं, त्याला शिंगं नाहीत. १८७६ साली बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरांसाठी कार्ल एमिल डोप्लरने जे पोशाख केले, त्यांनी ही कल्पना लोकांच्या डोक्यात पक्की बसवली. व्हायकिंग शत्रूच्या कवटीतून पीत ही दुसरी लोकप्रिय कथा तर थेट भाषांतराची चूक आहे. एका जुन्या नॉर्स काव्यात शिंगांना 'कवटीच्या वाकड्या फांद्या' अशा अर्थाचं कोडं घालून म्हटलंय. १६३६ साली ओले वोर्मच्या ग्रंथात त्याचं लॅटिन झालं तेव्हा फांद्या गळाल्या आणि कवट्या उरल्या. बिचारी जनावराची शिंगं, पण युरोपने पुढची दोनेकशे वर्षं त्यांतून माणसांची डोकी पाहिली. (स्वीडिश लोक ग्लास उचलताना 'स्कोल' म्हणतात, त्याचाही कवटीशी संबंध जोडणारे भेटतात. त्या शब्दाचा अर्थ वाडगा असा साधा आहे.)

म्हणजे शिंग हातात होतं. कुणाच्या हातात, हा पुढचा प्रश्न, आणि तिथे दुकानातलं चित्र सगळ्यात जास्त चुकतं. सिरियलमध्ये आणि गेममध्ये शिंग नेहमी दाढीवाल्या योद्ध्याच्या मुठीत असतं, तो एकटा गटागट पितो आणि ओरडतो. स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात गॉटलंड बेटावरचा श्यॅंगवीदेचा चित्रशिळाखंड आहे. त्यावर आठ पायांच्या घोड्यावरून एकजण येतोय आणि त्याच्या समोर शिंग पुढे करून एक बाई उभी आहे. आलेल्याचं स्वागत करणारी बाई आणि तिच्या हातातलं शिंग ही आकृती त्या काळातल्या छोट्या चांदीच्या पदकांतही दिसते. शिंगाच्या काठाचे आणि टोकाचे धातूचे भाग स्त्रियांच्या कबरींतही मिळालेत. शिंगाची मूळ क्रिया म्हणजे पुढे करणं. पिणं त्यानंतर.

सागांमध्ये जोडीने पिण्याची पद्धत येते: चिठ्ठ्या टाकून दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, अनेकदा एक पुरुष आणि एक बाई, आणि दोघांत मिळून एकच पात्र. एगिलच्या सागात ती आहे. सागा तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या, त्यातले प्रसंग दोन-तीनशे वर्षं आधीचे, त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द खरा धरायचं कारण नाही. पण लिहिणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला काय नेहमीचं वाटत होतं, ते त्यातून कळतं.

इथे कुणी म्हणेल, झालं, आता हा 'शेअरिंग इज केअरिंग' सांगणार. नाही. शिंग पुढे येणं ही भीतीदायक गोष्टही होती. हाकोन हा नॉर्वेचा दहाव्या शतकातला राजा, इंग्लंडमध्ये वाढलेला आणि ख्रिस्ती झालेला. लादे इथल्या मेजवानीत यार्ल सिगुर्डने पहिलं शिंग ओडिनच्या नावाने भरलं, स्वतः प्यायला आणि राजाकडे दिलं. राजाने शिंगावर हाताने क्रूसाची खूण केली. लगेच एकाने हटकलं, राजा हे काय करतोय? सिगुर्डने वेळ मारून नेली: राजाने थोरच्या हातोड्याची खूण केली, आपण सगळे करतो तशीच. हाच प्रसंग मग असता तर घडलाच नसता. राजाने मग उचलला असता, ओठांना लावल्यासारखं केलं असतं आणि खाली ठेवला असता. शिंग खाली ठेवता येत नाही, म्हणून राजाला सगळ्यांच्या देखत काहीतरी करावं लागलं. स्नोरीच्या एड्डामध्ये थोरला जे शिंग देतात तेही दरबारात शिक्षा म्हणून प्यायला लावायचं शिंग आहे. थोर तीनदा जीव तोडून पितो आणि पातळी जेमतेम हलते, कारण दुसरं टोक समुद्रात बुडालेलं असतं. आपल्या ऑफिस पार्ट्यांत 'बॉटम्स अप' म्हणून मागे लागणाऱ्या सिनियरचे पूर्वज त्या दरबारात सापडतील. मला त्या दरबारात बसायचं नाही. मुद्दा इतकाच की ज्या वस्तूत एवढं बळ होतं, कारण ती दोन माणसांना एकमेकांकडे बघायला भाग पाडत होती, तिला स्टँडवर ठेवलं की ती फुलदाणी होते.

रून अक्षरांचंही तसंच. आजच्या शिंगांवर लेझरने रून कोरलेले असतात, बहुधा 'शौर्य', 'विजय' छापाचे शब्द, किंवा गिऱ्हाइकाचं नाव. एगिलच्या सागात राणी आणि यजमान विष कालवलेलं शिंग एगिलकडे पाठवतात. तो सुरीने आपला तळहात कापतो, शिंगावर रून कोरतो, त्यांना रक्त फासतो आणि शिंग फुटून पेय खाली सांडतं. तिथे रून म्हणजे पाहुण्याने यजमानावर घेतलेला संशय आहे. सजावट नव्हे.

स्टँडवाल्यांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो मान्य करतो. मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपात पाय असलेली शिंगं झाली. चांदीचे पाय, चांदीचं झाकण, गिल्डच्या आणि चर्चच्या कोठारात जपलेली. कोपनहेगनच्या रोझनबोर्ग किल्ल्यातलं ओल्डनबुर्ग शिंग म्हणजे तर चांदीचा सोनेरी मुलामा दिलेला आख्खा किल्लाच. पण ती शिंगं त्या नॉर्स दालनातली नाहीत. तिजोरीत जायला निघालेल्या वस्तूला पाय फुटले, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

आता ते कोण बनवतं ते बघू. डेन्मार्कमधल्या गॅलेहुसला सोन्याची दोन शिंगं सापडली, पहिलं १६३९ साली, दुसरं १७३४ साली. ती पाचव्या शतकातली, म्हणजे व्हायकिंगांच्याही बरीच आधीची. पहिलं राजाने युवराजाला दिलं आणि युवराजाने त्याचं प्यायचं शिंग करून घेतलं. १८०२ साली एका सोनाराने दोन्ही चोरून वितळवली, त्यामुळे आज दिसतात त्या प्रतिकृती. पण दुसऱ्या शिंगावरचा रून मजकूर नोंदवून ठेवलेला होता. त्यात ना देवाचं आवाहन आहे, ना शौर्याची घोषणा. कारागीर स्वतःचं नाव सांगतो आणि म्हणतो की हे शिंग मी केलं. बस.

गामला स्तानमधल्या शिंगाच्या आत एक छोटा स्टिकर असतो: मेड इन इंडिया. उत्तर प्रदेशातल्या संभलला, सरायतरीनला, शिंग आणि हाडाच्या वस्तूंचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. कंगवे, बटणं, चमचे आणि परदेशी बाजारासाठी हीच शिंगं. (शिंगकाम आपल्यालाही परकं नाही. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये विजयदुर्गच्या शिंगाच्या वस्तूंची नोंद आहे. पण मराठीत शिंग म्हटलं की फुंकायचं, पिणं आपल्या डोक्यात येत नाही.) शिंग तासताना उडणारी पूड नाकातोंडात घेत कुणीतरी ते घासलं, पॉलिश केलं, आणि वेबसाइटवर त्याला कुठल्यातरी नॉर्डिक देवाचं नाव मिळालं. 'ऑथेंटिक' शब्द मोठ्या अक्षरात, कारागिराचं नाव कुठेच नाही. नॉर्स परंपरेशी इमान राखायचं असेल तर रून कोरून घ्या, पण ते त्या माणसाच्या नावाचे.

माझ्याकडे दोन शिंगं आहेत. दोन्हींना स्टँड नाही. विकत घ्यायचंच असेल तर काय बघायचं ते सांगतो, कारण या बाबतीत विक्रेत्यांवर विसंबू नये.

लांबीला भुलू नका. लांबी बाहेरच्या वळणावरून मोजतात आणि टोकाकडचा बराच भाग भरीव असतो. पाणी भरून मापाने मोजा. नॉर्स लोकांची रोजची शिंगं बहुधा घरच्या गुरांची होती आणि त्यांत अर्धा लिटरही मावत नसे. सीझरने लिहिलेली चांदीचा काठ लावलेली ऑरॉक्सची शिंगं किंवा इंग्लंडमध्ये १९३९ साली सटन हूला सापडलेली जोडी हा राजेशाही अपवाद. ते जनावर १६२७ साली पोलंडमध्ये संपलं. म्हशीचं शिंग चपटं, त्रिकोणी छेदाचं असतं, ओठाला नीट बसत नाही. गुराचं गोल छेदाचं घ्या. काठ उजेडासमोर धरा, पापुद्रे सुटलेले किंवा उभी चीर दिसली तर परत करा. रेझिनचं नकली शिंग ओळखायला टोकाजवळ तापलेली सुई टेकवतात. जळक्या केसांचा वास आला तर खरं. आपले केस आणि नखं ज्या केराटिनची, त्याचंच शिंग असतं. सांबर-चितळांची शिंगं म्हणजे भरीव हाड, त्यातून पिता येत नाही. डावं आणि उजवं शिंग उलट्या बाजूला वळतं, तेव्हा हातात धरून ठरवा.

पिताना टोक वर करू नका. हवेचा बुडबुडा टोकापर्यंत शिरतो आणि सगळं एकदम तोंडावर येतं. टोक बाजूला वळवून हळूहळू फिरवत प्यायचं.

आणि तो 'मेंटेनन्स-फ्री' थर नको. मी पोटासाठी सॉफ्टवेअर सांभाळतो. मेंटेनन्स-फ्री म्हणून विकलेली प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात दुरुस्त न होणारी असते, हे माझं धंद्यातलं निरीक्षण आहे. रेझिनला तडा गेला की त्याखाली ओल शिरते, कुजते, आणि आत हात पोचत नाही. मधमाशांच्या मेणाचा थर घ्या. तो खराब झाला तर घरी बदलता येतो: मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, शिंग हेअर ड्रायरने जरा कोमट करा, मेण ओता, फिरवा, उरलेलं परत काढून घ्या. नव्या शिंगाला वास असतो. त्यात स्वस्त बिअर भरून काही तास हातात किंवा बादलीत उभं धरा (हो, बादली चालते, ती दुकानात विकत नाहीत) आणि ओतून द्या. चहा-कॉफी नको, मेण साठेक अंशांना वितळतं आणि उष्णतेने शिंगही नरम पडून आकार सोडतं. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह अजिबात नको. दूध-ताकही टाळा, टोकात अडकून आंबतं. झालं की लगेच गार पाणी, सौम्य साबण, बाटलीचा ब्रश, आणि तोंड खाली करून दोरीने टांगायचं. उन्हात किंवा रेडिएटरजवळ नाही, चिरतं.

आपल्याकडे एक वाढीव काम आहे. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलं तर बुरशी येते आणि लोकरीसारखी यालाही कसर लागते. महिन्यातून एकदा काढायचं, आत टॉर्च मारून बघायचं, पुसायचं, आणि त्या संध्याकाळी कुणाला तरी घरी बोलवायचं.