बैठकीचा पत्ता

मद्याची गणना सप्त व्यसनांत करणाऱ्या समाजात घरातले मद्यपान दोनदा लपविले जाते. पिणारा ते लपवितो आणि कुटुंबही लपविते. पेढीवरच्या मुनिमाला ठाऊक असते, बाजाराला ठाऊक असते, परत जाणाऱ्या धनादेशांवरून बँकेलाही अंदाज आलेला असतो. ठाऊक नसल्याचा आव आणणारे घर तेवढे उरते. पुढे उपायाचा विषय निघतो तेव्हा पहिला प्रश्न आजाराविषयी नसतो, ‘कोणाला कळणार तर नाही ना?’ असा असतो. मग सांगलीचे कुटुंब मुंबईतील पत्ता शोधते आणि पुण्याचे कुटुंब दूरच्या नातलगाकडे चौकशी करते. शोधाची ही दिशाच चुकीची आहे.

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अर्थात ‘एए’ या चळवळीचा जन्म मुळी अशाच एका शोधातून झाला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेले बिल विल्सन १९३५च्या मे महिन्यात एका कंपनीच्या ताब्याच्या व्यवहारासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी गेले होते. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला. परगावी, खिशात फारसे पैसे नसताना, ते हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे होते. एका बाजूला मद्यालयातील हास्यविनोद कानी पडत होते, दुसऱ्या बाजूला गावातील चर्चची यादी आणि दूरध्वनी होता. विल्सन दूरध्वनीकडे वळले. आपल्यासारखाच दारूने ग्रासलेला कोणी भेटेल का, अशी चौकशी त्यांनी सुरू केली, आणि अशा रीतीने दुसऱ्या दिवशी त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेट मान्य केली होती. प्रत्यक्षात दोघे सहा तासांहून अधिक वेळ बोलत बसले. त्याच वर्षी १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विल्सन यांनी न्यूयॉर्कला परतून माणूस शोधला नाही. जेथे उभे होते त्याच गावात शोधला.

आपल्याकडे हा शोध आता पुष्कळ सोपा आहे. एएचे गट महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत आहेत. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, पुण्यातील १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे आणि १४४४६ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा येथे चौकशी करता येते. विचारण्याच्या गोष्टी थोड्याच: वार, वेळ, भाषा, आणि बैठक खुली की बंद. खुल्या बैठकीस नातलगही बसू शकतात. बंद बैठक फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची असते. अनेक बैठकी सायंकाळी, दुकाने मिटण्याच्या सुमारास भरतात. चौविहार पाळणाऱ्याने तेथला चहा नाकारला तर कोणी कारण विचारीत नाही.

जागा पुष्कळदा शाळेची किंवा चर्चची असते. भिंतीवरील क्रूस पाहून काही जण दारातूनच परततात. तशी गरज नाही. संस्था कोणत्याही पंथाशी बांधलेली नाही. तेथे ईश्वराचा उल्लेख येतो खरा, पण तो ‘ज्याला जसा उमगेल तसा’ या शब्दांत. सृष्टिकर्ता न मानणाऱ्यालाही त्यात जागा सापडते. जन्मभराची प्रतिज्ञा मागितली जात नाही, केवळ आजचा दिवस मागितला जातो. सूर्योदयानंतरच्या अठ्ठेचाळीस मिनिटांची नवकारशी रोज नव्याने घेणाऱ्यांना मुदतीच्या नियमाचे सामर्थ्य समजावून सांगावे लागू नये. उलट गुरुमहाराजांसमोर लाजेखातर घेतलेला आजन्म नियम दिवाळीत मोडला की माणूस उपाश्रयाचीही वाट चुकवू लागतो.

आता ‘कोणाला कळेल’ या भीतीविषयी. खोलीत बसलेल्या प्रत्येकाला तेच गुपित राखायचे असते. नाव सांगायचे ते पहिले, आडनाव व पेढी विचारली जात नाही. ओळखीचा अडत्या समोर दिसला, तर तोही तेथे त्याच कारणासाठी आलेला असतो. याउलट दोनशे किलोमीटरवरील बैठकीला माणूस दोनदा जातो, तिसऱ्यांदा हंगाम आडवा येतो. आठवड्यातून तीन-चार वेळा चालत जाता येईल ती बैठक खरी उपयोगाची. पहिला गट मनाला रुचला नाही तर दुसरा पाहावा. एका बैठकीवरून साऱ्या पद्धतीचा निकाल लावणे घाईचे ठरते.

एक सावधगिरी मात्र बैठकीच्याही आधीची आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने अचानक, स्वतःच्या मनाने दारू बंद करू नये. थरथर, झटके, भ्रम अशी लक्षणे उद्भवून जिवावर बेतू शकते. प्रथम डॉक्टर गाठावा. बैठक औषधाची जागा घेत नाही, आणि औषध बैठकीची.

पती तयारच नसेल तर पत्नीने थांबून राहावे असे नाही. नातलगांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ या स्वतंत्र गटांची परंपरा १९५१पासून आहे. बाटल्या मोजणे, उधारी परस्पर चुकती करणे, पाहुण्यांना ‘त्यांना बरे नाही’ म्हणून सांगणे, ही कामे करून थकलेल्या सुनांना आणि मातांना तेथे प्रथमच मोकळेपणी बोलता येते.

व्यापारी घराण्याची एक स्वाभाविक इच्छा तेथे अडते. मुलगा सुधारू लागला की वडिलांना गटाला पंखे, खुर्च्या, निदान चहाचा वर्षाचा खर्च द्यावासा वाटतो. तो घेतला जात नाही. संस्थेच्या नियमानुसार बाहेरच्यांची देणगी चालत नाही. शुल्क नाही, वर्गणीची सक्ती नाही. शेवटी सदस्यांमध्ये एक पिशवी फिरते आणि तीत ज्याने त्याने इच्छेला येईल ते टाकायचे. कोनशिलेवर नाव नाही, पावतीही नाही. वडिलांना हे थोडे खटकते. मुलगा मात्र पिशवीत दहाची नोट टाकून पुढच्याकडे देतो.