अपराधी कोण?

सोलापूर जिल्हा अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर तेथे उसाचे मळे डोलू लागले. मळ्यांचे ओलसर बांध आणि त्यांवरील पालापाचोळा हे एका चिमुकल्या भुंगेऱ्याला मानवणारे ठिकाण. शास्त्रज्ञ त्याला 'पिडेरस' म्हणतात. त्याची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. अंग नारिंगी, डोके आणि शेपटाचे टोक मात्र काळे. त्याच्या आखूड निळसर कवचाखाली लांब पंख घडी घालून ठेवलेले असतात.

पावसाळ्याच्या रात्री हा किडा दिव्याकडे झेपावतो. कोणाच्या मानेवर बसला, की हात चटकन तिकडे जातो आणि किडा चिरडला जातो. एकदोन दिवसांत तेथे भाजल्यासारखे फोड उठतात. मग सारे म्हणतात, "किडा चावला!"

वस्तुतः तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. त्याच्या शरीरातील सूक्ष्म जीवाणू एक दाहक विष तयार करतात. त्या विषामुळे कोळ्यांसारख्या शत्रूंपासून त्याच्या पिलांचे रक्षण होते. किडा चिरडला तरच ते विष माणसाच्या कातडीला लागते. मग अपराधी कोण, किडा की उतावळा हात?

फोडांची आग खोटी नाही, हे मान्य केलेच पाहिजे. विष डोळ्यांना लागले तर फार त्रास होतो. परंतु म्हणून या किड्यांचा समूळ नाश करावा, हा विचार योग्य नव्हे. मावा, तुडतुडे यांसारखे पिकांचे शत्रू हेच त्याचे भक्ष्य आहे. त्याच्या कुळात साठ हजारांहून अधिक जाती आहेत. उत्तरेकडील दमट अरण्यांच्या पाचोळ्यापासून आपल्या गावच्या शेणाच्या ढिगापर्यंत हे कुळ पसरलेले आहे. शेतकऱ्याकडून एक दाणाही न घेता पिडेरस त्याच्या पिकाची राखण करतो. असा राखणदार मारणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे होय.

उपाय तर अगदी सोपे आहेत. किडा अंगावर बसल्यास हळूच फुंकर घालावी, किंवा त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडावे. चुकून चिरडला गेलाच, तर ती जागा साबणाने धुवावी आणि हात डोळ्यांना लावू नये. रात्री अनावश्यक दिवे मालवावेत.

ज्याची ओळख नाही त्याला शत्रू ठरवणे सोपे असते. आधी जाणून घ्यावे, मगच हात उगारावा, हेच शहाणपणाचे लक्षण होय.