विमानाच्या दारी सायकल

विमान ही वस्तू सायकलीच्या दुकानात जन्मास आली, याचे स्मरण आमच्या विमानतळांच्या चालकांस कोणीतरी एकदा करून दिले पाहिजे. अमेरिकेतील डेटन या गावी विल्बर व ऑर्व्हिल राइट हे बंधू सायकली बांधून आणि दुरुस्त करून चरितार्थ चालवीत, आणि त्याच मिळकतीवर त्यांनी उड्डाणाचे आपले प्रयोग केले. १९०१ साली पंखांच्या आकाराविषयी त्यांना शंका आली, तेव्हा त्यांनी एका सायकलीच्या हँडलापुढे एक आडवे चाक बसविले, त्यावर पंखाचा नमुना लावला, आणि वाऱ्याचा जोर अजमावण्यासाठी ती सायकल भरधाव पिटाळली. १७ डिसेंबर १९०३ रोजी जे यंत्र किटी हॉकच्या वाळूवरून बारा सेकंद उडाले, त्याचे पंखे इंजिनाला जोडले होते ते साखळ्यांनी आणि दातेरी चाकांनी, म्हणजे सायकलवाल्याच्याच विद्येने! आपल्याकडेही १९६३ साली थुंब्याहून अग्निबाण सोडण्यास आरंभ झाला, आणि त्या दिवसांत अग्निबाणाचा शंकू सायकलीच्या पाठीवरून वाहून नेत असल्याचे छायाचित्र आपण मुलांना मोठ्या अभिमानाने दाखवितो. अशी ही सायकल आज आपल्याच लेकीच्या दारी गेली, तर तिला फाटकाबाहेर उभे करण्यात येते. हे मी ऐकीव सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात मला चार दिवसांकरिता परगावी जावयाचे होते. विमान सकाळी सातचे. घरापासून विमानतळ सुमारे अकरा किलोमीटर. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष एका गावाचा नव्हे. सामान म्हणजे खांद्यावरची एक पिशवी. तीत दोन सदरे आणि कागदांचा एक गठ्ठा. पहाटेचा रस्ता मोकळा असतो आणि पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनाही तेवढे अंतर जड वाटत नाही, म्हणून सायकल काढली. फाटकाशी पहारेकऱ्याने हात आडवा केला. तो उर्मट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. उर्मट असता तर भांडणे सोपे झाले असते. त्याने विचारले, "काका, ड्यूटीवर का?" मी म्हणालो, "नाही, प्रवासी." तिकीट दाखविले. त्याने एकदा तिकिटाकडे पाहिले, एकदा सायकलीकडे पाहिले, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाच्या कशा असू शकतील हे कोडे त्यास काही केल्या उलगडेना. वाहनतळावर दरांची पाटी होती. तीत मोटार होती, मोटारसायकल होती, बस होती. तासाचा दर होता, दिवसाचा होता. सायकल हा शब्द नव्हता. मी म्हणालो, मोटारसायकलीचा दर घ्या, पण हिला चार दिवस आत ठेवू द्या. आतील मनुष्य ओशाळून म्हणाला, "सर, पावतीच निघत नाही. यंत्रात सायकल नाही."

"यंत्रात सायकल नाही" या तीन शब्दांत आमच्या नागरी सुधारणेचे सारे मर्म आले आहे. जी वस्तू यंत्रात नाही तिच्यापासून पैसे घेता येत नाहीत, आणि जिच्यापासून पैसे घेता येत नाहीत ती वस्तू जगात नाही! पण खरा डंख त्या पहिल्या प्रश्नात होता. "ड्यूटीवर का?" म्हणजे येथे सायकलीवरून येणारा मनुष्य झाडणारा, ओझी उचलणारा किंवा स्वयंपाकघरात भांडी घासणारा असावयाचा, उडणारा असावयाचा नाही. आणि त्या झाडणाऱ्यांच्या सायकली तरी कोठे होत्या? मागल्या बाजूस, कुंपणाच्या तारेला साखळीने बांधलेल्या, पावसात भिजत. ज्यांच्या हातांनी ती काचेची इमारत रोज पहाटे लख्ख होते, त्यांच्या वाहनास तीत चार पत्र्यांचे छप्पर मिळत नाही. माझी अडचण चार दिवसांची होती. त्यांची रोजची आहे.

२०१७ साली 'उडान' योजनेचा आरंभ करताना पंतप्रधानांनी हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावे अशी इच्छा प्रकट केली. इच्छा उत्तम आहे. पण हवाई चप्पल घालणारा विमानतळापर्यंत कशावर बसून येणार, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. मोटार भाड्याने करून आला तर त्याच्या चपलेचे कौतुक. स्वतःच्या सायकलीवरून आला तर फाटक बंद. त्याच्याही आधी, २००६ साली, केंद्र सरकारने नागरी वाहतुकीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्यात वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करावा असे म्हटले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याच्या महापालिकेने २०१७ साली सायकलींची एक सविस्तर योजनाही मंजूर केली. कागदावर सायकलीची पालखी निघते. रस्त्यावर तिला खांदा द्यावयास कोणी नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूर या तिन्ही शहरांचे विमानतळ गावाच्या मध्यापासून आठदहा किलोमीटरांच्या टप्प्यात आहेत. सायकलीस हे अंतर म्हणजे पाऊण तासाचे काम.

सुरक्षिततेचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. १३ मे २००८ रोजी जयपुरात आणि २१ फेब्रुवारी २०१३ रोजी हैदराबादेत जे स्फोट झाले त्यांत स्फोटके सायकलींवर ठेवलेली होती, आणि बेवारशी सायकल पाहून पहारेकऱ्याच्या मनात किंतु आला तर तो आपले कर्तव्यच करीत असतो. परंतु १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत स्फोटके भरली ती मोटारींत आणि स्कूटरींत. २५ ऑगस्ट २००३ रोजी त्याच मुंबईत भरली ती टॅक्सींत. आणि प्रत्यक्ष विमानतळाची गोष्ट काढावयाची तर ३० जून २००७ रोजी ग्लासगोच्या विमानतळाच्या दारावर जी धडकली ती गॅसच्या टाक्या भरलेली जीप होती. त्यानंतर जीपगाड्यांना विमानतळांची दारे कोणी कायमची बंद केली? दारापुढे खांब रोवले, तपासणी कडक केली, आणि गाड्या पूर्ववत् येत राहिल्या. मोटारीपासून धोका उद्भवला म्हणजे उपाय शोधावयाचा, सायकलीपासून उद्भवला म्हणजे बंदी घालावयाची, याला सावधगिरी म्हणत नाहीत, पंक्तिप्रपंच म्हणतात. वास्तविक, वाकून एकदा नजर टाकली की संपूर्ण तपासून होते असे वाहन जगात हे एकच आहे. हिच्या मालकाचे तिकीट आणि ओळखपत्र पाहावे, त्याचा क्रमांक सायकलीला अडकवावा, मग ती बेवारशी कशी राहील?

"येते कोण सायकलीने?" हा दुसरा आक्षेप. आडावर पोहरा ठेवावयाचा नाही, आणि गावात कोणाला तहानच लागत नाही म्हणून सांगावयाचे, तसा हा प्रकार. कोपनहेगनच्या विमानतळावर सायकली लावण्याची सोय आहे. नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथे रेल्वे स्थानकाच्या पोटात १२,५०० सायकली मावतील असा तळ बांधून २०१९ साली पुरा झाला. सोय झाल्यावर माणसे आली, की माणसे येत होती म्हणून सोय झाली, हा वाद तर्कशास्त्राच्या वर्गावर ठीक आहे. माझे म्हणणे इतकेच की, एका मोटारीच्या जागेत आठदहा सायकली सुखाने उभ्या राहतात, तेव्हा जागा नाही असे तरी कोणी म्हणू नये.

एक स्नेही मला चिडवून म्हणाले, "आभाळात धुराचे लोट सोडीत जाणाऱ्याने जमिनीवर सायकलीचे सोवळे कशास पाळावे? ताटभर जेवून वर एकादशीचा आव!" कबूल आहे. विमानाने जितके तेल जाळले त्यापुढे माझी अकरा किलोमीटरांची बचत म्हणजे समुद्रात थेंब, आणि पृथ्वीच्या उद्धाराचे श्रेय मी मागतच नाही. मी सायकलीवर बसतो ते मला बसावेसे वाटते म्हणून, आणि दुसऱ्याच्या इंजिनावाचून माझ्या गावच्या सार्वजनिक वास्तूपर्यंत पोहोचण्याचा मला अधिकार आहे म्हणून. मी फुकटही मागत नाही. पत्र्याचे एक छप्पर, जमिनीत रोवलेली दहापाच लोखंडी कड्यांची रांग, आणि दरांच्या पाटीवर एक ओळ. दर काय लावावयाचा तो खुशाल लावावा.

त्या दिवशी शेवटी फाटकापलीकडच्या एका चहाच्या टपरीवाल्याने माझी सायकल ठेवून घेतली. म्हणाला, "चोरीची काळजी करू नका, सर. पण अतिक्रमणवाले आले तर टपरी आणि सायकल दोन्ही एकाच गाडीत घालून नेतील." पाचव्या दिवशी परत आलो तो सायकल टपरीच्या मागे, बसावयाच्या जागेवर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली, कोरडी होती. ठेवणावळ त्याने घेतली नाही. चहाचे पैसे मात्र घेतले. पुढील महिन्यात मला पुन्हा जावयाचे आहे. टपरी अजून तेथेच असल्याचे मी परवा पाहून आलो.