धावताना येणारी भोवळ

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वाड्या व आश्रमशाळा, तर पूर्वेला बागायती गावे. या भागातील अनेक मुले पोलीस व लष्कर भरतीसाठी धावण्याचा सराव करतात. एखाद्याला घेरी आली की 'उपाशीपोटी धावला असेल' असे म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र क्वचित त्यामागे 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' असू शकते.

या विकारात हृदयाची भिंत अकारण जाड होते. रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद होऊ शकते, ठोके बिघडू शकतात आणि वरून धडधाकट दिसणारा मुलगा अचानक कोसळू शकतो. प्रौढांमध्ये सुमारे ५०० जणांमागे एकाला तो असतो. लहान वयात तो दुर्मीळ आहे. वाढीच्या वयात मात्र भिंतीची जाडी झपाट्याने वाढू शकते. आजार बहुधा आनुवंशिक असून आई किंवा वडिलांना असल्यास प्रत्येक अपत्याला सदोष जनुक मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. हैदराबादच्या 'सीसीएमबी'तील के. थंगराज व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, हृत्स्नायूविकाराशी निगडित एक जनुकदोष सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळतो. त्याचे परिणाम बहुधा मध्यम वयात दिसतात. परंतु दोन्ही पालकांकडून तो आल्यास बालपणीच गंभीर आजार उद्भवू शकतो.

शासनाची यंत्रणा या बाबतीत तोकडी पडते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते. त्याच्या मूळ ३० विकारांच्या यादीत जन्मजात हृदयरोग व संधिवाताचा हृदयरोग आहेत; हृत्स्नायूविकाराला स्वतंत्र स्थान नाही. शिवाय केवळ स्टेथोस्कोपने तो सुटून जाऊ शकतो.

मग सर्वांचाच ईसीजी काढावा काय? इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना तो सक्तीचा केला आणि व्हेनेटो प्रांतात अशा तरुणांचे आकस्मिक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. इस्रायलमध्ये मात्र तशाच सक्तीचा लाभ दिसला नाही. खर्च आणि खोटे इशारे हा प्रश्नही आहेच.

त्यापेक्षा प्रश्न विचारणे स्वस्त आहे. धावताना भोवळ आली होती का? छातीत दुखते का? घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर धावणे थांबवून ईसीजी व इको करून घ्यावा. निदान झाल्यास आई-वडील व भावंडांचीही तपासणी आवश्यक ठरते. औषधे, नियमित देखरेख आणि निवडक रुग्णांत छातीत बसवायचे डिफिब्रिलेटर यांमुळे अनेकांना दीर्घायुष्य लाभते.

जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर. तज्ज्ञांपर्यंतचा हा प्रवास सर्वांनाच परवडणारा नाही. म्हणून नेमके कोणाला पाठवायचे, हे शाळेतच ठरायला हवे. आरोग्य पथकाच्या तपासणी अर्जात या तीन प्रश्नांची भर घालण्यास फारसा निधी लागणार नाही.