बेवारस फाइली

परवा तलासरीच्या बाजारात ओळखीच्या एका वारली आजोबांनी मला थांबवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग सांगा, माझं नाव यादीत का नाही?"

सरकारी यादीशी माझा काडीचा संबंध नाही. पण आजोबांनी चुकीच्या माणसाला विचारलं, असंही म्हणवेना. नोकरीची कितीतरी वर्षं मी याद्याच तर काढत होतो!

वायटूकेच्या धामधुमीत अंधेरीच्या सीप्झमध्ये मेनफ्रेमवर काम करायचो. तेव्हा चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत येत नव्हती (ती आली २०१३ साली), त्यामुळे मुंबईत खोली आणि शनिवारी घर. मेनफ्रेम ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिवसभर लोक त्यावर व्यवहार करतात आणि रात्री 'बॅच' चालते. म्हणजे कामांची चिठ्ठी आधी लिहून ठेवायची, ती रांगेत लावायची आणि सकाळी येऊन निकाल बघायचा. ही चिठ्ठी जेसीएल नावाच्या भाषेत लिहितात. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० जाहीर केली, त्या घराण्याची ही भाषा. बँका आणि विमा कंपन्यांत ती आजही चालते.

अशाच चिठ्ठीने फाइलींची यादीही काढता येते. गंमत म्हणजे ती दोन ठिकाणांहून निघते. एक कॅटलॉगमधून. आयडीकॅम्स नावाच्या प्रोग्रामला 'लिस्टकॅट' असा हुकूम दिला की कॅटलॉगमध्ये नोंदलेली नावं आणि ती फाइल कुठल्या डिस्कवर आहे ते छापून येतं. दुसरी थेट डिस्कवरून. प्रत्येक डिस्कवर तिच्यात काय काय ठेवलंय त्याची एक अनुक्रमणिका असते, तिला व्हीटॉक म्हणतात. आयईएचलिस्ट नावाचा प्रोग्राम ती वाचून दाखवतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली यादी म्हणजे कचेरीतलं दफ्तर उघडून बघणं आणि दुसरी म्हणजे बांधावरून चालत जाऊन बघणं.

तुम्ही म्हणाल, दोन्ही सारख्याच असणार. असायला हव्यात. पण जुन्या, हाताने सांभाळलेल्या डिस्कवर तसं नसायचं. कॅटलॉगमध्ये नाव आहे पण डिस्कवर फाइल केव्हाच पुसली गेलेली, असं व्हायचं. आणि उलटही व्हायचं. फाइल डिस्कवर शाबूत, पण कॅटलॉगमध्ये नोंद नाही. अशी फाइल नुसत्या नावाने मागितली तर मशीन सरळ सांगायचं, 'डेटा सेट नॉट फाउंड'. पण डिस्कचा नंबर चिठ्ठीत लिहून मागा, लगेच हजर!

माझ्या हातून घडलेला घोटाळा इथलाच. जागा कमी पडत होती म्हणून दोन्ही याद्या काढून ताडून बघायचं काम माझ्याकडे आलं. डिस्कवर आहेत पण कॅटलॉगमध्ये नाहीत अशा फाइलींची तिसरी यादी मी काढली. तिला आम्ही नाव दिलं 'बेवारस'. मग त्या यादीवरून पुसण्याचा जॉब लावला. सकाळी रिटर्न कोड शून्य, म्हणजे काम बिनचूक! मी खुशीत चहा प्यायला गेलो.

मार्चअखेरीला एक जॉब आपटला. वर्षातून एकदाच चालणारा. तो आपली फाइल कॅटलॉगला विचारतच नव्हता, डिस्कचा नंबर देऊन थेट उचलत होता. फाइलीला वारस होता, फक्त मी त्याला विचारलं नव्हतं. टेपवर बॅकअप होता म्हणून निभावलं. पण तो शून्य रिटर्न कोड मला अजून आठवतो. मशीनने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. 'कॅटलॉगमध्ये नोंद नाही' हे खरंच होतं. 'म्हणून ती कुणाची नाही' हे वाक्य माझं होतं.

आजोबांचा कागद वाचला तेव्हा हेच आठवलं. वनहक्काचा दावा एका कचेरीतून परत आला होता. कारण, जुन्या दफ्तरात नोंद आढळत नाही. वन हक्क कायदा २००६ चा. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असेल तर ताब्यातल्या जमिनीवर, चार हेक्टरपर्यंत, त्याचा हक्क मान्य करायचा. आता ज्यांची नोंद कधी झालीच नाही त्यांच्यासाठी केलेला हा कायदा, आणि दावा फेटाळायचं कारण काय, तर नोंद नाही!

कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं. म्हणून नियमांत पुरावा म्हणून नुसती कागदपत्रं सांगितलेली नाहीत. घर, झोपडी, बांधबंदिस्ती हेही पुरावे आहेत. गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं म्हणणंही पुरावा आहे. ग्रामसभेच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन पाहणी करायची आहे. म्हणजे नुसता लिस्टकॅट चालणार नाही, व्हीटॉक वाचा, असं कायदाच सांगतो.

आणि हे न करता पुढे गेलं की काय होऊ शकतं, तेही आपण पाहिलंय. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली, कारण दावे नीट तपासूनच फेटाळले होते का, हा प्रश्न उभा राहिला. यादी तयार होती आणि पुसण्याचा जॉब रांगेत लागला होता. इथे टेपवर बॅकअप नसतो.

याद्याच नकोत असं मी म्हणत नाही. या भागात एकेकाळी हिशेब फक्त सावकाराच्या वहीत असायचा आणि तो वारल्याला वाचता येत नसे. वेठबिगारी आणि लग्नगडी त्यातूनच पोसली गेली, आणि त्याविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठले. सगळ्यांना दिसणारी, हरकत घेता येणारी यादी त्या वहीपेक्षा हजार पटीने बरी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की यादीवर ती कशावरून काढली आणि कधी काढली हे ठळक लिहा. आणि 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा लावण्याआधी कुणीतरी बांधावर जाऊन या.

आजोबांना एवढंच सांगू शकलो की नकाराचं कारण लेखी मागा, निर्णयाच्या तारखेपासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडा. तारीख मोजली. अठरा दिवस उरले होते. पुढच्या रविवारी अर्ज लिहायला त्यांच्या पाड्यावर जायचं ठरलंय.

जाताना ते म्हणाले, "जमीन तिथंच हाय. बघायला या."

बघायला जाणार आहे. तेव्हा गेलो नव्हतो.