‘शंभर कोटी’ म्हणजे नेमके किती? सिनेमाच्या कमाईचे आकडे कुठे शोधायचे?

‘सैराट’ने शंभर कोटी कमावले, हे 2016 पासून सगळेच सांगतात. पण अनसिंगच्या एखाद्या विद्यार्थ्याने मराठी सिनेमावर प्रबंध लिहायला घेतला आणि या आकड्याचा अधिकृत कागद शोधला, तर हाती काही लागणार नाही. चित्रपटनिहाय तिकीटविक्री जाहीर करणारी सरकारी यंत्रणाच आपल्याकडे नाही. आपण वाचतो ते निर्मात्यांनी सांगितलेले किंवा व्यापार विश्लेषकांनी बांधलेले अंदाज.

त्यातही ‘कमाई’ या एका शब्दात तीन आकडे दडलेले असतात. तिकीट खिडकीवर जमा झालेली सगळी रक्कम म्हणजे ग्रॉस. कर वजा केला की नेट. चित्रपटगृहाचा वाटा गेल्यावर उरतो तो वितरकाचा शेअर. 2009 च्या संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्सशी ठरलेल्या सूत्रात हा शेअर पहिल्या आठवड्यात नेटच्या 50 टक्के होता आणि चौथ्या आठवड्यात 30 टक्क्यांवर येत होता. पोस्टरवर मात्र ग्रॉसच झळकतो.

तुलना करतानाही सांभाळा. ‘सैराट’च्या वेळी राज्यात मराठी चित्रपटांना करमणूक शुल्क माफ होते. 2023 च्या ‘बाईपण भारी देवा’च्या वेळी जीएसटी होता, शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के. म्हणजे 118 रुपयांतले 18 रुपये सिनेमाचे नव्हतेच. हे दोन ग्रॉस शेजारी मांडून कोण मोठा ते ठरवणे चूक.

विदर्भातल्या अभ्यासकापुढे आणखी एक गुंता आहे. सिनेव्यापाराचा नकाशा अजून जुन्या प्रांतांवर चालतो. वाशीम ‘सीपी बेरार’ सर्किटमध्ये, तर शेजारचे हिंगोली ‘निझाम’मध्ये. अनसिंगच्या प्रेक्षकाने वाशीमला सिनेमा पाहिला तर तिकीट एका खात्यात, हिंगोलीला पाहिला तर दुसऱ्या. त्यामुळे ‘मुंबई सर्किट’चा आकडा म्हणजे महाराष्ट्राचा आकडा नव्हे.

मग शोधायचे कुठे? निर्माती संस्था कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचे ताळेबंद पाहता येतात. पीव्हीआर आयनॉक्ससारख्या शेअर बाजारातल्या कंपन्या दर तिमाहीला प्रेक्षकसंख्या आणि तिकिटाचा सरासरी दर सांगतात. जीएसटीपूर्वीचे करमणूक शुल्क महसूल यंत्रणा वसूल करायची. त्या नोंदी माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागता येतात. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 चा, त्याआधीच्या वर्षांसाठी अर्ज अकोल्याला करा. कागद नष्ट झाले असतील तर तसे लेखी उत्तर घ्या. प्रबंधात तेही उपयोगी पडते.

पण हे सारे एकट्या विद्यार्थ्याने का करावे? दक्षिण कोरियात चित्रपट परिषद देशभरातल्या तिकीटविक्रीची नोंद रोज जाहीर करते. केरळात 2025 मध्ये निर्माता संघटनेनेच चित्रपटांचा खर्च आणि शेअर दरमहा उघड करायला सुरुवात केली, त्यावर वादही झाले. आपल्याकडे मराठी सिनेमाला स्क्रीन मिळत नाहीत, हे भांडण सतत पेटते. प्रेक्षक येत नाहीत, असे मल्टिप्लेक्सवाले म्हणतात. शोच चुकीच्या वेळी देता, असे निर्माते म्हणतात. खरे कोण, हे तपासायला आकडाच नसतो. तिकिटे तर बहुतेक ठिकाणी संगणकावरच निघतात. राज्य सरकारने रुपयांचा हिशेब नंतर पाहावा. आधी चित्रपटगृहनिहाय, शोनिहाय विकलेल्या तिकिटांची संख्या दर आठवड्याला जाहीर करायला लावावी.