घड्याळाआधी घड्याळजी

सोलापुराला वेळ सांगण्याचे काम कित्येक वर्षे गिरण्यांच्या भोंग्यांनी केले. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम ह्या गिरण्या ज्या काळी पाळ्यापाळ्यांनी चालत होत्या, त्या काळी पहाटेचा पहिला भोंगा झाला की चाळीचाळींतून चुली पेटत, दुसऱ्याला माणसे रस्त्याला लागत, आणि ज्याच्या मनगटावर घड्याळ नाही अशा कामगाराचेही त्यावाचून काही अडत नसे. स्वतःचे घड्याळ ही तेव्हा मास्तरांची, कारकुनांची, जॉबरांची, वकिलांची चीज होती, आणि लग्नात सासऱ्याकडून जावयाला मिळणाऱ्या वस्तूंत तिला सायकलीइतकाच मान असे. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि आता तर ज्याच्या त्याच्या खिशातील मोबाइलवर वेळ सेकंदापर्यंत अचूक दिसते. असे असूनही ह्या शहरातील कितीतरी तरुण मुलेमुली, नोकरीच्या पहिल्या पगारातून एखादे चांगल्या प्रतीचे, आजोबांच्या काळचे, रोज सकाळी चावी द्यावी लागते असे घड्याळ नित्य वापरासाठी शोधत पेठांतून हिंडताना दिसतात, ही गोष्ट मला मनापासून समाधानाची वाटते.

परंतु ही खरेदी बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरू करतात. प्रथम घड्याळ नजरेत भरते, मग त्याच्या किमतीची घासाघीस होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते बंद पडले म्हणजे ते उघडू शकणारा माणूस हुडकण्याची पाळी येते. माझे म्हणणे असे की, हा क्रम पूर्णपणे बदलावा: ज्याच्यावर आपला भरवसा बसेल असा घड्याळजी आधी निश्चित करावा, आणि मग तो ज्या घड्याळाची जोखीम स्वतःच्या शब्दावर पत्करील तेच घ्यावे, मग ते दिसायला कितीही साधे असो. कपाटात ठेवून शोभा पाहावयाची असेल तर गोष्ट निराळी; रोज मनगटावर बांधून कामाला जावयाचे असेल, तर घड्याळ आणि त्याचा दुरुस्तकार ह्यांची फारकत करता येत नाही.

हे विधान विशेषतः एचएमटीच्या घड्याळांना लागू पडते, आणि आपल्याकडे जुने घड्याळ म्हणजे बहुधा एचएमटीच. बंगळूर येथे १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान मशीन टूल्स ह्या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये मनगटी घड्याळांचे उत्पादन आरंभले, आणि पहिली घड्याळे पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते, स्विस घड्याळे एकतर श्रीमंताघरी नाहीतर चोरट्या मार्गाने येत, आणि अशा काळात सामान्य गृहस्थाच्या मनगटावर अव्वल दर्जाचे घड्याळ चढावे ही त्या कारखान्यामागची कल्पना होती. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन, रजत, स्त्रियांसाठी सुजाता आणि नूतन, अशी नुसती नावे घेतली तरी त्या पिढीतील माणसांच्या मुद्रा उजळतात. ह्यांपैकी 'जनता'ची जातकुळी पाहावी: सतरा ज्वेलचे मशीन, चावीचे काम, तबकडीवर देवनागरीत अक्षरे असलेलेही नमुने, आणि आत तासाला १८,००० आंदोलने करणारा बॅलन्स. तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला ५ आणि वर्षाला सुमारे पावणेसोळा कोटी! एवढे श्रम करणारे यंत्र पन्नास वर्षांनंतरही टिकटिकत असेल, तर त्याचे श्रेय त्याच्या घडणीला जितके, तितकेच मधल्या काळात ते वेळोवेळी उघडून, धुऊन, थेंबाच्याही अंशाने तेल घालून पुन्हा बंद करणाऱ्या अज्ञात हातांना आहे.

तो कारखाना आता नाही. जपानच्या सेइको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाने पुढील पंधरा वर्षांत खुद्द स्वित्झर्लंडातील हजारो कारागिरांना बेकार केले. आपल्याकडे तामिळनाडू सरकारच्या महामंडळाशी भागीदारी करून टाटांनी १९८४ साली टायटन कंपनी काढली, होसूरच्या कारखान्यातून सुबक क्वार्ट्झ घड्याळे येऊ लागली, आणि एचएमटी मागे पडत पडत अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळ विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. ह्याचा गिऱ्हाइकाच्या दृष्टीने अर्थ असा, की आज ह्या घड्याळांचा सुटा भाग पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या निकामी घड्याळातूनच काढावा लागतो. सुदैवाने कंपनीने एकाच जातीचे मशीन अनेक नमुन्यांत वापरले असल्यामुळे हे भाग तुलनेने अजून सुलभ आहेत. पण ते ज्याच्या डब्यात वर्षानुवर्षे जपून ठेवलेले आहेत, आणि कोणता भाग कोठे बसतो हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, असा इसम आपल्या गावात असणे ही त्या सुलभतेची पहिली अट आहे. परदेशी नावाचे एखादे दुर्मीळ घड्याळ मुंबईच्या चोर बाजारातून हौसेने आणावे आणि त्याच्या एका तुटलेल्या चावीदांड्यासाठी ते वर्षभर खणात पडून राहावे, ह्यापेक्षा घराजवळच्या घड्याळजीच्या हाताखालून गेलेली साधी 'जनता' नित्य वापराला शतपट बरी, असे मला वाटते.

आता ह्या बाजारातील सर्वांत मोठ्या अनर्थाविषयी बोलले पाहिजे, आणि तो म्हणजे पुन्हा रंगवलेली तबकडी. मूळ तबकडीवर पन्नास वर्षांत डाग पडतात, कडेला पिवळसर झाक येते, अंकांवरचा प्रकाशमान लेप काळवंडतो. आणि गिऱ्हाइकाला चकाकी हवी म्हणून ती खरवडून तिच्यावर नवा रंग, नवी अक्षरे, प्रसंगी कारखान्याने कधी न काढलेल्या भडक छटा चढवल्या जातात. मुंबईत हा धंदा इतका फोफावला आहे की, परदेशांतील संग्राहकांत अशी घड्याळे आपल्या त्या महानगराच्या नावानेच ओळखली जातात, आणि ह्याची मला एक मराठी माणूस म्हणून खंत वाटते. रंगवणे हा स्वतःपुरता गुन्हा नव्हे. ते सांगून विकले तर त्यात फसवणूक नाही. पण 'कंपनीचे मूळ घड्याळ' म्हणून ते गळ्यात मारले जाते, आणि त्या झगमगाटाखाली मशीनची काय अवस्था आहे ह्याकडे गिऱ्हाइकाचे लक्षच जाऊ नये अशी ती तजवीज असते. म्हणून भिंग लावून पाहावे: अक्षरांच्या कडा रेखीव आहेत की फुगलेल्या, मिनिटांच्या रेषा एकमेकींशी समांतर आणि समान अंतरावर आहेत की वाकड्यातिकड्या, काटे तबकडीच्या वयाचे वाटतात की काल आणून बसवलेले. मधोमध एखादा फिकट डाग असलेली परंतु अस्सल तबकडी समोर आली तर ती नाकारू नये. तो डाग हा त्या घड्याळाच्या हयातीचा दाखला आहे.

तबकडीनंतर मशीन. विकणाऱ्याने पाठीमागचे झाकण उघडून दाखवण्यास कुरकुर केली, तर व्यवहार तेथेच थांबवणे श्रेयस्कर. झाकण उघडल्यावर गंज, काळा पडलेला तेलाचा थर, स्क्रूंच्या डोक्यांवर उमटलेले ओरखडे दिसतात का ते पाहावे, कारण ओरखडलेले स्क्रू अडाणी हातांची कैफियत निमूटपणे सांगतात. चावी देताना हाताला एकसारखा, मऊ प्रतिकार लागला पाहिजे. काटे फिरवताना ते मध्येच सैल पडता कामा नयेत. पूर्ण चावी दिलेले चांगले घड्याळ दीड दिवसाच्या आसपास चालावे, आणि ते तबकडी वर करून, खाली करून आणि उभे ठेवून, अशा तिन्ही अवस्थांत चालवून पाहावे. दिवसाकाठी वीस-तीस सेकंदांचा फरक पडला तर ह्या वयाच्या घड्याळाला तो माफ आहे. मात्र ते एकाएकी कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले तर घाबरून न जाता त्याला चुंबकत्व चिकटले आहे का हे आधी तपासावे, कारण स्पीकर किंवा मोबाइलच्या संगतीने हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि साध्या उपकरणाने तो दोष क्षणात जातो. ज्या घड्याळजीकडे टाइमग्राफर आहे त्याच्याकडे बॅलन्सचा झोका अंशांत मोजता येतो; पूर्ण चावीला तो २५० अंशांच्या पुढे असला तर मशीन निरोगी समजावे, आणि २०० च्या खाली घसरला असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून आधीच वजा करून मागावा.

सोलापूरच्या हवेचा विचार मी मुद्दाम वेगळा करतो. चैत्र-वैशाखातील आपले ऊन, त्यात मनगटावर सुकणारा घाम, आणि पूर्व भागातील यंत्रमागांच्या आवारात हवेत तरंगणारी बारीक रुई, ही तिन्ही जुन्या घड्याळाची शत्रू आहेत. त्या काळच्या पुष्कळ घड्याळांची केस पितळेची आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेली असे. घामाने तो मुलामा उडाला की खालचे पितळ हिरवे पडते आणि कित्येकांच्या त्वचेला ते सोसत नाही. म्हणून नित्य वापरासाठी शक्यतो संपूर्ण पोलादी केस पाहावी, ती न मिळाल्यास निदान झाकण पोलादी आणि केस खड्डे न पडलेली असावी, आणि उन्हाळ्यात चामड्याऐवजी कापडी पट्टा वापरावा. झाकणावर पाण्यापासून संरक्षणाची कसलीही अक्षरे असोत, एवढ्या वर्षांत आतले रबर वाळलेले असते. तेव्हा हे घड्याळ बांधून नळाखाली हात धरू नये. चादरीच्या आणि टॉवेलच्या मागांवर राबणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण रुई यंत्रात शिरली की काय होते ते त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे.

ज्यांना रोज चावी देण्याची आणि तीन-चार वर्षांनी सर्व्हिसिंग करण्याची उसंत नाही, त्यांनी जुने क्वार्ट्झ घ्यावे, त्यात मी कमीपणा मानत नाही. सेल बदलला की ते बिनतक्रार चालते. मात्र आतले सर्किट गेले तर ते दुरुस्त होत नाही, संपूर्ण मशीनच बदलावे लागते.

किमतीविषयी एवढेच सांगतो की, गिऱ्हाइकाने ज्या शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करावी ते रुपये बहुधा त्या घड्याळजीची दोन तासांची मजुरी असतात. एका डोळ्याला भिंग लावून, दिव्याखाली मान वाकवून, नखाएवढ्या चाकांच्या मेळातून नेमके दुखणे शोधणे हे कसब शिकायला वर्षे लागतात, आणि ते शिकणारी मुले आता तुरळक झाली आहेत. आपण त्यांच्याकडे केवळ सेल बदलायला गेलो तर हे कसब टिकणार नाही; जुने घड्याळ त्यांच्याकडून घेतले, सर्व्हिसिंगला त्यांच्याकडेच दिले आणि रास्त मोल चुकते केले, तरच पुढची पिढी त्या बाकड्यावर बसण्याचा विचार करील. नव्या वस्तूच्या किमतीचा मोठा वाटा दूरच्या कारखान्याला आणि जाहिरातीला जातो. जुन्या घड्याळाची किंमत मात्र पुष्कळ अंशी आपल्याच गावातील एका कारागिराच्या घरात जाते, आणि ह्या कारणासाठीही मी ह्या खरेदीचा कैवार घेतो.

राहिली पावतीची बाब. जुन्या वस्तूच्या व्यवहारात तोंडी बोलण्यावर भागवण्याचा आपला शिरस्ता आहे, आणि तो मोडला पाहिजे. १९३० च्या माल-विक्री कायद्याच्या २७ व्या कलमाचे तत्त्व असे आहे की, विकणाऱ्याची मालकी नसेल तर सामान्यतः घेणाऱ्यालाही ती प्राप्त होत नाही. म्हणजे चोरीचे घड्याळ पैसे मोजून घेतले तरी ते आपले होत नाही, आणि चोरीचे आहे हे जाणून घेतले तर घेणाराच गुन्हेगार ठरतो. सबब पावतीवर विकणाऱ्याचे नाव, घड्याळाचा नमुना, झाकणावरील क्रमांक आणि तारीख हा तपशील असावाच. परंतु त्याशिवाय तबकडी मूळ आहे की रंगवलेली, कोणकोणते भाग बदलले, शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली आणि किती महिन्यांची हमी आहे, हा मजकूरही त्यावर विकणाऱ्याच्या सहीनिशी यावा. असे लिहून देण्यास जो राजी असेल त्याच्याकडून चार पैसे अधिक देऊनही घ्यावे, आणि पुढच्या सर्व्हिसिंगची मुदत त्याच पावतीच्या पाठीवर त्याच्याच हाताने लिहून घ्यावी.